फॅनो क्रीककाठची १५ फुटांची पट्टी

[दृश्य : ओढ्याकाठचा पायरस्ता, चालणारी माणसं, सायकली]

फॅनो क्रीक हा ओढा पोर्टलंडजवळच्या टेकड्यांतून निघतो, बीव्हर्टन आणि टिगार्ड या उपनगरांतून वाहत जातो आणि ट्वालाटिन नदीला मिळतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा हा भाग. बीव्हर्टन-हिल्सबरो पट्ट्यात इंटेलमुळे आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि संध्याकाळी या काठाने चालताना मराठी कानावर पडलं तर इथे कोणाला नवल वाटत नाही. पण याच काठाच्या एका तुकड्यासाठी एक दुकानदार बाई आणि टिगार्डची नगर परिषद थेट राजधानी वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या.

[दृश्य : टिगार्डची मेन स्ट्रीट, दुकानांच्या पाट्या]

फ्लॉरेन्स डोलन यांचं मेन स्ट्रीटवर नळजोडणी आणि विजेच्या सामानाचं दुकान होतं. ९,७०० चौरस फुटांचं. ते १७,६०० चौरस फुटांचं करायचं आणि ३९ गाड्यांसाठी पक्का वाहनतळ बांधायचा, एवढीच त्यांची मागणी. जागा स्वतःची, १.६७ एकर. अर्ज नगर नियोजन आयोगापुढे गेला. आयोगाने परवानगी दिली, पण अट घातली. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या रेषेच्या आतली जमीन पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी शहराच्या नावे करा, आणि तिला लागून आणखी १५ फुटांची पट्टी पादचारी-सायकल मार्गासाठी द्या. सगळी मिळून सुमारे ७,००० चौरस फूट, म्हणजे जागेचा साधारण दहावा हिस्सा. विनामोबदला.

आपल्याला हा दहावा हिस्सा ओळखीचा वाटेल. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर करून घेताना १० टक्के ओपन स्पेस राखावी लागते. आपल्याकडे ते नियमावलीतच लिहिलेलं असतं, त्यामुळे नेमके दहाच टक्के का, हा प्रश्न अर्जदाराच्या मनात सहसा येत नाही. डोलन यांनी तो विचारला.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत]

खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर योग्य मोबदला द्यावा लागेल, असं अमेरिकी राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या नोलन कुटुंबाच्या समुद्रकाठच्या घराच्या खटल्यात न्यायालयाने एक कसोटी घालून दिली होती : अट आणि बांधकामाने होणारा त्रास यांचा एकमेकांशी खरा संबंध हवा. डोलन खटल्याचा निकाल २४ जून १९९४ रोजी डोलन यांच्या बाजूने लागला, पाच विरुद्ध चार मतांनी. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी त्यात दुसरी कसोटी जोडली. नुसता संबंध असून भागणार नाही, शहर जे मागतं ते त्या त्रासाच्या ढोबळ प्रमाणात असलं पाहिजे. आणि ते प्रमाण शहरानेच दाखवायचं.

निकालपत्रातला तपशील इथे फार बोलका आहे. वाहनतळ पक्का केला की पाणी जमिनीत मुरणार नाही, ओढ्यात जास्त येईल, हे न्यायालयाला मान्य होतं. तिथे बांधू नका असं शहर सांगू शकलं असतं. पण मग ती जमीन सार्वजनिकच का व्हायला हवी? परक्या माणसाला आपल्या जमिनीवर मज्जाव करण्याचा हक्क मालकिणीने का सोडायचा? याचं उत्तर शहराच्या कागदात नव्हतं. रहदारीचंही तसंच. मोठ्या दुकानामुळे रोज सुमारे ४३५ फेऱ्या वाढतील, असा शहराचा अंदाज होता. त्यातल्या किती फेऱ्या सायकल मार्गामुळे कमी होतील, याचा हिशेब मात्र केलेला नव्हता. रहदारी काही अंशी कमी होऊ शकेल, इतकंच लिहिलेलं होतं. न्यायालयाने काटेकोर गणित मागितलं नाही, पण काहीतरी मोजा, असं बजावलं.

मला हा निकाल शहराविरुद्धचा वाटत नाही. ओढ्याकाठी सलग रस्ता हवा हा टिगार्डचा विचार शहाणपणाचाच होता. पण सगळ्या गावाला लागणाऱ्या रस्त्याचा भार ज्याने योगायोगाने त्या वर्षी अर्ज केला त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा, तर आकडे मांडण्याचे कष्ट नगर परिषदेने घ्यायलाच हवेत. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एल डोराडो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खटल्यात न्यायालयाने एकमताने आणखी एक दार बंद केलं : अट अधिकाऱ्याने घातली काय किंवा लोकप्रतिनिधींनी नियम करून घातली काय, राज्यघटनेच्या कसोटीतून ती सुटत नाही. त्या खटल्यात एका घरमालकाकडून रस्त्यांसाठी २३,४२० डॉलर घेतले होते.

[दृश्य : खांबांवरून गेलेल्या तारा, पावसाळी आभाळ]

टिगार्डसारख्याच नगर परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणखी एक विषय असतो, केबलचा. इथे जमिनीची दिशा उलटी होते. डोलन यांच्याकडून शहराला जमीन हवी होती. केबल कंपनीला शहराची जमीन हवी असते. रस्त्याची कड, खांब, रस्त्याखालची नळी.

ही गोष्टसुद्धा ओरेगनमध्येच फार लवकर सुरू झाली. १९४८ साली अस्टोरियात एड पार्सन्स यांनी हॉटेलच्या छपरावर अँटेना लावली, दीडशे किलोमीटरहून लांबच्या सिएटलचं चित्र पकडलं आणि तार रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात नेली. पुढे अशा तारा देशभर पसरल्या आणि रस्ता वापरू देण्याच्या बदल्यात शहरं करार करू लागली. त्याला फ्रँचाइझ म्हणतात. कंपनीने उत्पन्नाचा वाटा द्यायचा, आणि एखादं चॅनल गावासाठी, शाळांसाठी, परिषदेच्या सभा दाखवण्यासाठी सोडायचं. आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने केबलवाल्याची नोंदणी पोस्टात ठेवली, त्यामुळे या करारासारखं काही नगरपालिकांच्या हाती आलंच नाही.

१९८४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून या वाट्याला छत घातलं : केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत. जमिनीच्या बाबतीत न्यायालयाने शहराला हिशेब दाखवायला सांगितलं. केबलच्या बाबतीत हिशेबाला जागाच उरली नाही, आकडा वरून आला.

आणि मग त्याच तारेतून इंटरनेट आलं. टीसीआय ही केबल कंपनी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने घेतली, तेव्हा पोर्टलंड आणि मल्टनोमा काउंटीने अट घातली की तुमच्या तारेवर दुसऱ्या इंटरनेट कंपन्यांनाही जागा द्या. खालच्या न्यायालयात शहर जिंकलं. २००० साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला : इंटरनेट ही केबल सेवा नाही, म्हणून केबलच्या फ्रँचाइझमधून तिच्यावर अट घालता येणार नाही.

ओरेगनमधल्याच युजीन शहराने वेगळी वाट धरली. केबलमधून दिल्या जाणाऱ्या इंटरनेटवर त्याने ७ टक्के परवाना शुल्क लावलं आणि २०१६ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. तीन वर्षांनी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या केंद्रीय दूरसंचार नियामकाने देशभरासाठी आदेश काढून अशा शुल्कावर बंदी घातली. शिवाय शाळांना, सार्वजनिक इमारतींना कंपनीने फुकट दिलेल्या जोडण्यांची किंमतही त्या ५ टक्क्यांतच धरायची, असं ठरवलं. युजीन आणि इतर शहरं अपिलात गेली. २०२१ मध्ये सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने आदेश बहुतांश कायम ठेवला. दिलासा एकच मिळाला : त्या जोडण्यांची किंमत बाजारभावाने नव्हे, कंपनीला पडणाऱ्या प्रत्यक्ष खर्चाने धरायची.

[दृश्य : परिषदेचं सभागृह, कॅमेरा, रिकाम्या खुर्च्या]

हे मला मनापासून खटकतं. रस्ता शहराचा, खोदाई आणि दुरुस्तीची डोकेदुखी शहराची. केबल टीव्ही सोडून लोक इंटरनेटकडे वळत आहेत, म्हणजे ५ टक्के ज्याचे मोजायचे ते उत्पन्नच घटतंय, आणि त्याच तारेवरून वाढणाऱ्या धंद्याला युजीनने हात लावला तर तो हात मागे घ्यावा लागला. रस्त्याचा मोबदला किती, हे शहराला हिशेब मांडून सिद्ध करू द्या, एवढंच तर ही शहरं मागत होती. फ्लॉरेन्स डोलन यांच्या जागेबाबत टिगार्डला तो हिशेब सक्तीचा होता. इथे मांडायची मुभाही नाही. म्हणून आता अंदाजपत्रकाच्या बैठकीत सभासदांपुढे प्रश्न येतो तो असा : घटत्या रकमेतून सभा दाखवणारं चॅनल चालवायचं, की शाळांच्या जोडण्या राखायच्या.