झेरॉक्स आणली म्हणून शेत घरी येत नाही भो! (कर्नलमधला युजर पॉइंटर)

राम राम मंडळी. आधीच सांगतो, कूलर बंद केलाय. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंटी "दादा, कूलरचा आवाज जास्त, तुमचा कमी" अशाच होत्या. मे महिन्यात, जळगावात, दुपारी दीडला. घाम दिसला तर बोलू नका.

तर तुम्ही सारखं विचारताय ते. लिनक्सच्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये पॉइंटरला, म्हणजे मेमरीचा पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलला, डबल अंडरस्कोर युजर लावलेलं असतं, ते कशाला? आणि ते लावूनही माझा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, का पडला?

बेसिक पटकन उरकतो. प्रोग्रॅमने (तोच आपला युजर) सिस्टिम कॉलमधून, म्हणजे कर्नलकडे काम मागताना, पत्ता दिला तर कर्नलने त्यावर थेट स्टार लावायचा नाही, म्हणजे तिथलं थेट वाचायचं नाही; कॉपी फ्रॉम युजर या फंक्शनने डेटा आणायचा. पत्ता खोटा असेल, ते पान (मेमरीचा तुकडा) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, गेलेलं असेल, किंवा एखादा आगाऊ मुद्दाम कर्नलच्याच मेमरीचा पत्ता देईल आणि तुमच्याच हातून आतलं वाचून घेईल. ते फंक्शन किती बाइट आणायचे राहिले ते सांगतं. शून्य आलं तर ठीक, नाहीतर मायनस ई-फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याचा एरर, देऊन निघा. झालं.

आता, पत्ता म्हणजे शेवटी एक आकडा. माझ्या मामाचं शेत यावल तालुक्यात, गट नंबर 84. मामाने रोटाव्हेटरवाल्याला फोनवर सांगितलं, "84 मध्ये मार." गावाचं नाव सांगायचं राहिलं. शेजारच्या शिवारातही 84 आहेच की! तिथे हरभरा उभा होता. मालक बोंबलत येईपर्यंत दोन पट्टे जमिनीत. मामा अजून त्या माणसाला लग्नात बघितलं की दुसऱ्या पंगतीला बसतो.

तर युजर हे त्या आकड्यापुढचं गावाचं नाव, आणि ते टाइपमध्येच लिहायचं. पण नेहमीच्या बिल्डमध्ये जीसीसीसाठी, म्हणजे कंपायलरसाठी, तो युजर मॅक्रो रिकामा असतो. त्याला गाव दिसतच नाही. गाव ओळखतो स्पार्स, लिनस टॉरवाल्ड्सने 2003 साली सुरू केलेला तपासनीस. त्याच्या लेखी युजर म्हणजे दोन गोष्टी: ही अॅड्रेस स्पेस वेगळी, आणि यावर स्टार लावायचा नाही.

इथे एक भाऊ कमेंटमध्ये माझ्याशी भांडला. "सी बरोबर 1 देऊन मेक चालवलं, एकही वॉर्निंग नाही, माझा कोड स्वच्छ." अरे भो, सी बरोबर 1 दिलं की स्पार्स फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासतो. तुझं बिल्ड आधीच झालेलं होतं, त्याने तपासलं काय? सगळ्या फाइली हव्या असतील तर सी बरोबर 2. त्याने नंतर चालवलं. कमेंट डिलीट केली, पण मी वाचली होती.

आता खरी खोच. इथे मी स्वतः आपटलोय.

आयओसीटीएलला, म्हणजे ड्रायव्हरला हुकूम द्यायच्या सिस्टिम कॉलला, प्रोग्रॅमने एक स्ट्रक्ट (अनेक फील्डांचा गठ्ठा) दिलं. तुम्ही शहाण्यासारखं ते कॉपी फ्रॉम युजरने आणलं. त्या स्ट्रक्टमध्ये एक फील्ड आहे, बफरचा पॉइंटर. तो आता कोणाचा? निम्मे लोक म्हणतात, "आणलं ना कर्नलमध्ये, म्हणजे कर्नलचा." नाही! तलाठ्याकडून सातबाऱ्याची झेरॉक्स आणली म्हणजे शेत घरी आलं का? कागद तुमच्या खिशात, जमीन तिकडेच. पॉइंटरचे आठ बाइट आले, तो दाखवतो ती मेमरी अजून युजरकडेच.

कोडच्या बाजूने बघा. फील्ड साधं कॅर स्टार लिहिलं असेल तर स्पार्स गप्प बसणार, कारण गावाचं नाव तुम्हीच खोडलंत. फील्डलाही युजर लावा. 64 बिटचा नुसता पूर्णांक असेल, जो 32 आणि 64 बिटचा घोळ टाळायला बरेच जण ठेवतात, तर यू64 टू युजर पीटीआर वापरा, म्हणजे नाव परत चिकटतं. आणि मग पुन्हा कॉपी फ्रॉम युजर. हो, दुसऱ्यांदा! "दोनदा का, दादा?" शेतात दोनदा जावं लागतं म्हणून. एकदा कागद आणायला, एकदा माल आणायला.

माझं काय झालं होतं? पहिल्या नोकरीत असाच आतला पॉइंटर थेट वाचला. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर चार महिने चाललं, कारण पान मेमरीत असायचं आणि त्या प्रोसेसरला स्मॅप हे संरक्षण नव्हतं. इंटेलमध्ये ते 2014 च्या ब्रॉडवेलपासून आलं. ते चालू असलं की कर्नलने युजरच्या पानाला असा थेट हात लावला रे लावला, फॉल्ट. समोरच्याच्या नव्या मशीनवर पहिल्याच डेमोत काळी स्क्रीन. मी म्हणालो, "माझ्याकडे चालतंय." साहेब म्हणाले, "मग तुमचं मशीन विकू का त्यांना?"

आणि ते डबल अंडरस्कोर फोर्स! स्पार्सची वॉर्निंग आली की फोर्सचा कास्ट मारायचा, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलायचा, वॉर्निंग गेली, चहा प्यायला मोकळे. डोकं फिरतं माझं. फोर्स लिहिण्याआधी तो आकडा कोणत्या गावचा हे तोंडी सांगता आलं पाहिजे.

स्पार्सवर फार भरवसाही ठेवू नका. 2017 मध्ये कर्नल 4.13 च्या वेटआयडी या सिस्टिम कॉलमध्ये पॉइंटरचा टाइप बरोबर होता, पण पत्ता युजरच्या हद्दीत आहे का हीच तपासणी राहिली होती. गाव बरोबर, बांध कोणी मोजला नाही.

स्पार्सशिवाय, खुद्द कंपायलरनेच अडवावं असं हवं असेल तर पीटीई टी हा टाइप बघा. पेज टेबलची (कोणता पत्ता कोणत्या पानावर, त्या तक्त्याची) नोंद, आतून नुसता आकडा, पण एका फील्डच्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळलेली. साध्या आकड्यात मिसळली की जीसीसीच एरर देतो. आणि रस्ट ही भाषा म्हणाल, तर ती 6.1 पासून, डिसेंबर 2022 ला कर्नलमध्ये आली. तिथे युजर मेमरी युजरस्लाइस या टाइपमधून रीडर मागूनच वाचायची. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, पाऊस पडल्यावर.

आत्ता तुमच्या ड्रायव्हरमध्ये फोर्स ग्रेप करा, म्हणजे शोधा, आणि किती वेळा सापडलं तो आकडा कमेंटमध्ये टाका. माझा 11 होता. चला, कूलर लावतो.