मॉरिशसची साखर, कापड आणि घड्याळातली माणकं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलूया मॉरिशसच्या अर्थव्यवस्थेबद्दल. मॉरिशस म्हटलं की आपल्या वर्तमानपत्रांत निळा समुद्र आणि मधुचंद्राला गेलेली जोडपी, एवढंच येतं. मला हे फार खटकतं. आपल्या कोकणातली, साताऱ्याकडची माणसं मुंबई बंदरातून ज्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली, जिथे आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्या देशाचं घर कशावर चालतं हे आपल्याला ठाऊक नको का?

१२ मार्च १९६८ला मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. एक पीक, एक माल. त्याआधी १९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी अहवाल दिला होता. मलेरिया हटला, माणसं वाढली, जमीन मात्र तेवढीच, तेव्हा पुढचा काळ कठीण आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, आणि ‘नोबेलवाल्याचं भाकीत कसं फसलं’ असं आजही चवीनं लिहिलं जातं. हा त्यांच्यावर अन्याय आहे. पुष्कळ हातांना काम देणारे कारखाने काढा, हेही मीड यांनीच सांगितलं होतं.

पण कारखाना काढायचा कशाचा? बेटावर लोखंड नाही, कोळसा नाही, कापूस नाही. कच्चा माल आणायचा तर बोटीनं, पक्का माल पाठवायचा तर पुन्हा बोटीनं, आणि युरोप हजारो किलोमीटर लांब. भाड्यातच नफा बुडायचा.

आता ती गोष्ट, जी मला सांगायला फार आवडते. तुमच्या घरात वडिलांचं, आजोबांचं किल्ली द्यायचं घड्याळ असेल, तर त्याची तबकडी आठवा. नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘१७ ज्वेल्स’. लहानपणी आपल्याला वाटायचं, आत हिरे आहेत. हिरे नव्हेत, पण माणकं खरोखरच असतात. कारखान्यात तयार केलेली, मोहरीहून लहान. घड्याळातली चक्रं ज्या आसावर फिरतात, त्या आसाची टोकं या माणकाच्या भोकात बसवलेली असतात. पितळेत बसवली तर पितळ झिजतं, घड्याळ मागे पडू लागतं. माणिक झिजत नाही. (किल्लीची घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर आता शोधावे लागतात. त्यांची विद्या कुणीतरी लिहून ठेवायला हवी.)

तर या माणकांना भोकं पाडण्याचं काम फार नाजूक, फार चिकाटीचं. मॉरिशसमध्ये जोझे पोन्चिनी नावाचे घड्याळांचे आणि दागिन्यांचे व्यापारी होते. स्वित्झर्लंडची घड्याळं विकणारा माणूस, त्यामुळे आतलं त्यांना माहीत. त्यांनी नेमकं हेच काम बेटावर आणलं. १९६५ साली ‘मायक्रो ज्युवेल्स’ हा कारखाना सुरू केला. बिनभोकाची माणकं बाहेरून यायची, इथे भोकं पाडली जायची आणि माल परत घड्याळवाल्यांकडे जायचा. मूठभर पुडीत कितीतरी माणकं मावतात! त्याला भाडं ते किती लागणार? वजन कमी, किंमत जास्त. पुन्हा सांगतो, वजन कमी आणि किंमत जास्त. लांब असण्याचा शाप पोन्चिनींनी असा मोडला. आणि कच्चा माल परदेशचा, गिऱ्हाईक परदेशचं, बेटाचे फक्त हात, असा धंदा चालू शकतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

प्राध्यापक एदुआर लिम फात यांनी तैवान आणि प्वेर्तो रिको इथले असे प्रयोग पाहिले होते. त्यांनी हाच विचार सरकारपुढे लावून धरला आणि १९७० साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कुंपण घातलेली एक वसाहत नव्हे, तर बेटावर कुठेही कारखाना काढा, माल निर्यात करा, जकात आणि करात सूट घ्या. हाँगकाँगचे कापडवाले आले. त्यांच्या स्वतःच्या मालाला युरोप-अमेरिकेत कोट्याची मर्यादा होती. मॉरिशसला मात्र १९७५च्या लोमे करारानं युरोपचं दार जकातीविना उघडलेलं. स्वेटर आणि शर्ट शिवायला हजारो बायका घराबाहेर पडल्या. स्वतःच्या पगाराची पहिली पाकिटं त्या घरांत आली, आणि माझ्या मते मॉरिशसचा खरा बदल तिथे झाला.

साखरेलाही त्याच करारानं आधार दिला. ठरलेली साखर युरोप ठरलेल्या भावानं घ्यायचा, आणि तो भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा चांगलाच वरचा असायचा. पण करार दुसऱ्याच्या हातात असतो, श्रोतेहो. २००५च्या सुरुवातीला कापडाचे जागतिक कोटे संपले, कारखाने स्वस्त देशांकडे वळले. पाठोपाठ युरोपनं साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवला.

तोवर पर्यटन आणि बँका-वित्तसेवा उभ्या राहिल्या होत्या. भारताशी झालेल्या कर-करारामुळे आपल्या शेअर बाजारातला कितीतरी परदेशी पैसा मॉरिशसच्या राजधानीमार्गे, पोर्ट लुईमार्गे आला, तो २०१६ साली करार बदलेपर्यंत. हे मला कधीच पटलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

१ एप्रिल २०२१पासून भारत आणि मॉरिशस यांच्यात नवा व्यापार करार लागू आहे, आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा असा पहिलाच. त्यात त्यांच्या ज्या मालाला आपण सवलत दिली, त्यात कपडे आहेत, मासे आहेत आणि खास प्रकारची साखरही आहे. साखर, आणि तीही आपल्याला! डेमेरारा, मस्कोवाडो, काकवीच्या चवीची, सोनेरी, गडद तपकिरी अशी साखर ते युरोपला छोट्या पाकिटांतून विकतात. हमीभाव गेल्यावर त्यांनी याच मालावर जोर दिला. कोल्हापूर-सांगलीचा ऊस काही कमी गोड नाही. आपल्या कारखान्यांनी पोत्यातल्या पांढऱ्या साखरेशेजारी ही पाकिटंही भरायला घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.