अक्षराचे चित्र झाले तेव्हा

श्रोतेहो, संगणकाच्या चित्रमय पडद्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण माउसपासून सुरुवात करतात. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला. लाकडी खोके आणि खाली दोन चाके, एवढाच त्याच्या पहिल्या नमुन्याचा थाट होता. मला मात्र आज पडद्याविषयी बोलायचे आहे, कारण आपल्या मराठीचा संबंध तिथे येतो.

१९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीचा नेहमीचा पडदा म्हणजे एक चाळच होती. एका ओळीत ८० खोल्या, अशा २५ ओळी, प्रत्येक खोली सारख्याच मापाची आणि प्रत्येकीत एकच अक्षर. संगणकाच्या स्मृतीत त्या अक्षराचा केवळ क्रमांक असे. त्याचा आकार एका चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. रंगाची माहिती धरूनही अख्खा पडदा ४,००० बाइटांत मावत असे. इंग्रजीचे त्यात छान भागले. पण ‘राष्ट्र’ या शब्दातल्या जोडाक्षराला किंवा ‘कीर्ती’वरच्या रफाराला त्या खोलीत जागा कुठून मिळणार?

पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या आल्टो या यंत्राने ही चाळ त्याआधीच पाडली होती. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक बिट, म्हणजे बाइटाचा आठवा भाग, राखून ठेवलेला होता. याचा हिशेब सुमारे ६० किलोबाइट होतो, आणि यंत्राची मूळ स्मृती होती १२८ किलोबाइट. म्हणजे निम्मे घर दिवाणखान्यातच गेले! स्मृती महाग असताना असा खर्च प्रयोगशाळेलाच परवडत होता. त्याच विचारांवर झेरॉक्सने १९८१ मध्ये विक्रीला आणलेल्या स्टार यंत्राची किंमत साडेसोळा हजार डॉलरांच्या वर होती. १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी या केंद्राला भेट दिली. ‘ॲपलने चोरी केली’ हा लोकप्रिय आरोप मला उथळ वाटतो, कारण त्या भेटीच्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे समभाग विकत घेता आले होते. १९८४ चा मॅकिंटॉश २,४९५ डॉलरांना आला, तो ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा लहानसा पडदा घेऊन. त्यासाठी त्याच्या १२८ किलोबाइटांपैकी जेमतेम २२ खर्ची पडत. विंडोज पुढच्याच वर्षी आले खरे, पण त्याने बाजार काबीज केला तो १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीने.

जोडाक्षरांचा हाच प्रश्न छापखान्यात हाताने सुटत असे. राजवाड्यामागच्या एका बोळात लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता. तिथले कंपोझिटर, म्हणजे अक्षरे जुळवणारे, काका केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, न पाहता शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलत. मी तासन्‌तास ते पाहत उभा राहत असे. ‘कि’ जुळवायचा असला की त्यांचा हात आधी वेलांटीच्या घरात जाई आणि मग ‘क’च्या. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, म्हणून देवनागरीची केस इंग्रजीच्या मानाने अवाढव्य.

विंडोजपूर्वीच्या, अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या डॉस प्रणालीच्या काळात देवनागरीसाठी संगणकात जिस्ट नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे. ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षर हे कोणत्याही रुंदीचे चित्र झाले आणि ते काम फाँटची, म्हणजे अक्षरांचे आकार साठवणारी, एक फाइल करू लागली. मात्र कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, ही प्रत्येक फाँटची वाटणी निराळी असल्यामुळे एका दुकानात टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की निव्वळ गिचमीड दिसे. हा मनस्ताप तुमच्यापैकी अनेकांनी भोगला असेल. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीने अक्षराचा क्रमांक आणि त्याचे चित्र पुन्हा वेगळे केले, तेव्हा तो संपू लागला. विंडोजमधल्या ‘मंगल’ या फाँटची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली. आता ‘कि’ टाइप करताना स्मृतीत ‘क’ आधी जातो, वेलांटी नंतर, जसे आपण उच्चारतो तसे. आणि पडद्यावर वेलांटी उचलून ‘क’च्या आधी ठेवण्याचे काकांचे काम यंत्र करते.