प्लेटा नव्या, क्लच अजून अडतो

मोटरसायकलच्या क्लच प्लेटा नव्या बसवल्या, स्प्रिंगही बदलल्या, तरी लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाकताच गाडी झटका देऊन पुढे सरकते किंवा इंजिन बंद पडते. अशा वेळी नव्या भागांना दोष देण्याची घाई होते. परंतु या कामात जे जे सोडले आणि परत बसवले गेले, त्याची तपासणी आधी व्हायला हवी.

त्याही आधी तक्रार नेमकी कोणती, हे ठरवावे लागते. लिव्हर दाबूनही इंजिनाची ताकद चाकाकडे जात राहिली, न्यूट्रल सापडेनासा झाला, तर क्लच सुटत नाही. उलट ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. सुटत नसलेल्या क्लचची केबल बहुधा ताणावी लागते, घसरणाऱ्याची सैल करावी लागते. निदान चुकले आणि घसरत्या क्लचची केबल आणखी ताणली, तर नव्या प्लेटा थोड्याच दिवसांत जळतात.

केबलचा हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. जुन्या प्लेटा झिजत जातात तशी त्यांची एकत्रित जाडी घटते, लिव्हरची मोकळी चाल (केबल ताणली जाण्याआधी लिव्हर जितका सैल हलतो ती) कमी होते आणि चालक वेळोवेळी केबल सैल करत राहतो. नव्या, जाड प्लेटा बसल्या की त्यांना स्प्रिंगच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुन्हा बाहेर सरकते आणि झिजलेल्या प्लेटांसाठी केलेली ती जुनी जुळवणी एकाएकी फार सैल ठरते. अनेक गाड्यांत ही मोकळी चाल लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ठेवतात; आपल्या गाडीचा आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. काही इंजिनांत प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या आतल्या सळईसाठी, म्हणजे पुशरॉडसाठी, वेगळा स्क्रू असतो. तिथे आधी केबल पुरती सैल करावी, मग स्क्रू जुळवावा आणि केबलकडे सर्वांत शेवटी वळावे. हा क्रम उलटला की माप कधीच जुळत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर मोकळी चाल बदलली, तर केबल कुठेतरी चुकीच्या मार्गाने नेलेली आहे.

एवढे करूनही क्लच सुटला नाही, तर कव्हर उघडावे लागते. फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचा थर असलेली) आणि साधी स्टील प्लेट एकाआड एक आहेत का आणि त्यांची संख्या बरोबर आहे का, हे मोजून पाहावे. काही इंजिनांत टोकाची फ्रिक्शन प्लेट इतरांपेक्षा वेगळी असते. ती भलत्या जागी गेली, तर संपूर्ण जुळणी बिघडते. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिचा बाक तपासता येतो.

खरा गुन्हेगार मात्र पुष्कळदा क्लच हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या, दांड्यांवर सापडतो. जुन्या प्लेटांचे कान, म्हणजे कडेला बाहेर आलेले दाते, वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमवर आदळून तिथे खाचा पाडतात आणि नव्या प्लेटांचे कान त्याच खाचांत अडकून बसतात. प्लेटा सरकतच नाहीत, मग सुटणार कशा? उथळ खाचा कानशीने समतल करता येतात. खोल खाचांवर मात्र हाउसिंग बदलणे हाच प्रामाणिक उपाय आहे, मग तो कितीही नकोसा वाटो.

घसरणाऱ्या क्लचमध्ये प्रेशर प्लेटचे दाते हबच्या (क्लचच्या मधल्या भागाच्या) दात्यांत नीट बसले आहेत का, हे प्रथम पाहावे. ते एकमेकांवर चढून राहिले, तर बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण दाब प्लेटांपर्यंत पोहोचतच नाही. तेलाचाही प्रश्न असतो. तेलात बुडून चालणाऱ्या क्लचला जासो टी ९०३ या जपानी मानकातील एमए किंवा एमए२ दर्जाचे तेल लागते. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल त्याला घसरवू शकते. फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या नसतील, तर त्या कोरड्या घासून पहिल्याच फेरीत करपण्याची भीती असते.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. मग गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा आणि लिव्हर दाबून मागचे चाक हाताने फिरवावे. तेल थंड असताना ते थोडे जड फिरेल. लिव्हर सोडताच मात्र ते जागीच अडले पाहिजे.