रस्त्याची कड

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी जे ठाण्यात राहतात, त्यांनी सकाळच्या पेपरात एक मजकूर कितीतरी वेळा वाचला असेल. वर ठळक अक्षरात ‘प्रवेश बंद’. अमुक नाक्याकडून तमुक चौकाकडे जाणाऱ्या सर्व प्रकारच्या वाहनांना अमुक ठिकाणी प्रवेश बंद करण्यात येत आहे. त्याखाली ‘पर्यायी मार्ग’. सदर वाहने पुलाखालून उजवे वळण घेऊन इच्छित स्थळी जातील. आणि सगळ्यात शेवटी, ही अधिसूचना पोलीस वाहने, फायर ब्रिगेड, रुग्णवाहिका यांना लागू राहणार नाही. वाहतूक पोलिसांची ही भाषा मला मनापासून आवडते. ‘इच्छित स्थळी जातील’ या शब्दांत आशीर्वाद आहे हो! संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला इतक्या ठामपणे दुसरं कोण सांगतं की बाबा रे, तू पोचशील?

मी मात्र या मजकुरात बरीच वर्षं एक ओळ शोधतोय. सायकलवाल्याने कुठून जायचं, ती ओळ. अजून सापडलेली नाही.

आता मी कोण, ते सांगतो. मी ड्राफ्ट्समन होतो. इंजिनियर नव्हे, इंजिनियरसाहेब सांगतील तसं कागदावर उतरवून देणारा. रस्त्याचा आडवा छेद काढणं हे माझं रोजचं काम. आडवा छेद म्हणजे कलिंगड कापावं तसा रस्ता आडवा कापला तर आत जे दिसेल ते. हा छेद मधून काढायला सुरुवात करतात. आधी मधला दुभाजक. मग त्याच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या लेन, एकेक साडेतीन मीटरची. तीन लेन झाल्या की साडेदहा मीटर गेले. मग गटार, मग फूटपाथ, मग कोणाची तरी कंपाउंड वॉल. भिंत सरकत नाही, लेन कमी करायची नाही. तेव्हा साहेब मागे उभे राहून म्हणायचे, “उरलंय ना थोडं? तिथे सायकल ट्रॅक दाखवा.” मी हिरवी पेन्सिल घ्यायचो. उरलेल्या जागेला आम्ही हिरवा रंग द्यायचो, एवढाच सायकल ट्रॅकचा जन्म. मीही हिरवा रंग देऊन घरी जायचो, आणि जायचो सायकलवरून, हे विशेष.

कडेला काय काय असतं, हे सायकल चालवल्याशिवाय कळत नाही. रस्ता मधे किंचित उंच आणि कडेला उतरता ठेवतात, मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार, म्हणजे पाणी थांबू नये. पाणी कडेला येतं, म्हणून गटाराची जाळी कडेला. त्या जाळीचे गज चाकाच्या दिशेने लावलेले असले, तर सायकलचा टायर बरोबर दोन गजांच्या मधे जातो. बाकी गॅसची लाइन, पाण्याची लाइन, विजेची केबल, तिचा डीपी, झाडाची जाळी, बसस्टॉप, रिक्षा स्टँड, डेब्रिजचा ढीग, सगळं कडेलाच. आणि कायद्याने, सवयीने आणि भीतीने सायकलवालाही कडेला.

मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट आठवा. तिघांच्या बाकड्यावर चौथा माणूस टेकतो. अर्धा बाकड्यावर, अर्धा हवेत. सायकलवाला ही रस्त्यावरची चौथी सीट. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झालं. ही वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंतची बत्तीस किलोमीटरची लाइन. कापूरबावडीपासून पुढे रस्त्यात बॅरिकेड लागले. आतल्या लेनमधले बाहेरच्या लेनमध्ये सरकले. बाहेरच्या लेनमधले सर्व्हिस रोडवर आले. सर्व्हिस रोडवरचे मोटारसायकलवाले कडेला आले. आणि कडेचा होता तो हवेत गेला. मुद्दाम ढकललं कोणीच नाही. जो तो म्हणाला, जरा सरका.

रस्ता बंद ठेवण्यावर मी टीका करणार असं तुम्हांला वाटलं असेल, तर तसं नाही. उलट एका बाबतीत मला खोदणाऱ्यांची बाजू घ्यायची आहे. लोक विचारतात, काम तर दिसत नाही, माणूसही दिसत नाही, मग रस्ता बंद का? अहो, काँक्रीट झोपलेलं असतं तेव्हाच काम करत असतं. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया चालू असते, तिच्यातून ताकद येते, आणि ठरवलेली ताकद मोजायची ती अठ्ठावीस दिवसांनी. त्यातले सुरुवातीचे दिवस वर ओलं गोणपाट टाकायचं, नाहीतर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवायचं. पाणी मारलं नाही की पृष्ठभाग पावडरसारखा सुटतो. ठाण्यात आता व्हाइट टॉपिंगचे रस्ते बरेच झालेत. जुन्या डांबराच्या अंगावर काँक्रीटचा पातळ थर टाकतात आणि तो कडक व्हायला लागला की काही तासांतच करवतीने त्याचे चौकोन पाडतात. काँक्रीट सुकताना आकसतं. आपण रेघ आखून दिली नाही तर ते स्वतःच्या मर्जीने तडकतं. दुसऱ्या बाजूला डांबराचा वैरी पाणी. खडीवरचं डांबर पाण्याने सुटतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सगळे जीव तोडून धावतात. तेव्हा बंद रस्त्यावर कोणी दिसत नसेल तर सरसकट शिव्या घालू नका. कधीकधी शिव्या योग्यही असतात, ते वेगळं.

पण हाच नवा थर पडला की रस्ता चार-सहा इंच वर येतो. कड तिथेच राहते. मधे पायरी तयार होते. मोटारीला ती पायरी दिसत नाही, बसला दिसत नाही. सायकलवाल्याला मात्र ती पायरी म्हणजे विहिरीचा काठ.

तीन पावसाळ्यांपूर्वी मी स्वतः पडलो. एका सर्व्हिस रोडवर कुठलीशी केबल टाकून चर बुजवला होता. चर बुजवायचा तर माती थराथराने टाकायची, पाणी मारायचं, प्रत्येक थर धुमस मारून घट्ट ठोकून बसवायचा. हे आमच्या वेळच्या अडाणी मुकादमालाही ठाऊक होतं. इथे सगळी माती एकदम लोटून वर पेव्हर ब्लॉक मांडून ठेवले होते. पहिल्या जोराच्या पावसात माती बसली आणि ब्लॉक होते तसेच अधांतरी राहिले. दिसायला सपाट. माझं पुढचं चाक गेलं आत. हाताला सहा आठवडे प्लास्टर. सौ. एवढंच म्हणाल्या, “अहो, आता तरी ती सायकल द्या कोणाला.” दिली नाही.

पडल्यावर मला उचललं ते पेपरची लाइन टाकणाऱ्या एका पोराने. त्याच्या हँडलला दोन्ही बाजूंना पेपर लटकलेले. मी त्याला त्या वेदनेतही विचारलं, अरे, इथून रस्ता बंद असल्याची नोटीस तुझ्याच पेपरात होती ना? तो म्हणाला, “काका, ती गाडीवाल्यांची असते. आपण बघून जायचं.”

आपण बघून जायचं! माझ्या आयुष्यभराच्या ड्रॉइंगवर याहून नेमका शेरा कोणी मारला नसेल.

या पोरासारखे किती आहेत, ते पहाटे साडेपाचला बाल्कनीत उभं राहून बघा. भोंगा वाजवत येणारा इडलीवाला अण्णा. पाववाला. कॅरियरला थर्मास बांधून फिरणारा चहावाला. रात्रपाळी संपवून कळव्याकडे जाणारा वॉचमन. आणि रविवारी मी व माझ्यासारखे, हेल्मेट घालून येऊरच्या चढावर धापा टाकणारे. सायकल ट्रॅक म्हटलं की शहराच्या डोळ्यांसमोर आम्ही रविवारवाले येतो, म्हणून ट्रॅक तलावाभोवती निघतो. तलावाभोवतीचा ट्रॅक छान असतो, झाडं असतात, बाक असतात. फक्त तो निघतो तिथेच परत येतो. वॉचमनला इच्छित स्थळी नेत नाही.

पूर्वी असं नव्हतं, असं मी म्हणणार नाही; म्हातारी माणसं उगाच म्हणतात. पूर्वीही रस्ते अरुंदच होते. नौपाड्यातून स्टेशनला जाताना पाय टेकायला लागायचे. नव्वदच्या दशकात टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना ठाण्यात रस्तारुंदी झाली, दुकानांचे पुढचे भाग गेले, लोक हळहळले आणि नंतर त्याच रुंद रस्त्यांचं कौतुकही केलं. मीही केलं. पण रुंदीतून मिळालेली जागा कोणाला गेली, हे आज संध्याकाळी गोखले रोडवर उभं राहून तुम्हीच बघा. कडेला उभ्या असलेल्या गाड्या मोजा. मोजून कंटाळाल.

गंमत म्हणजे, रस्ता बंद ठेवणं ठाणेकरांना जमतच नाही असं मुळीच नाही. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर नव्या कुर्त्यांचा पूर येतो, तिथे त्या दिवशी गाडी आणायचं कोणी मनातही आणत नाही. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवी बसते, तेव्हा गाड्या दुसरीकडून जातात, आणि जातात हो, इच्छित स्थळी! त्या दिवशी दोन वर्षांचं पोर रस्त्याच्या मधोमध फुगा घेऊन चालतं. मला तो दिवस रस्ता बंद असल्याचा वाटतच नाही.

नियमांत काही नाही, असंही नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात सरळ म्हटलं आहे की रस्त्यांचं नियोजन वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून व्हावं. काम चालू असलेल्या जागी वाहतूक कशी सांभाळायची, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिची एसपी ५५ ही पुस्तिका आहे. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग केलेत. आधी सावध करायचं, मग वळवायचं, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा मूळ रस्त्यावर आणून सोडायचं. आपल्याकडे दुसरा आणि तिसरा भाग दिसतो. सावध करणारा फलक खड्ड्याच्या तोंडाशीच असतो, आणि शेवटचा भाग ज्याचा त्याने करायचा. चरावर दोन मजबूत फळ्या टाकायला किती खर्च येतो, हे मी कधी मोजलं नाही. कोणी ड्रॉइंगमध्ये मागितल्याच नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत गटाराचं काम चाललं होतं. संध्याकाळी दोघं कामगार जाळ्या परत बसवत होते. पहिल्या जाळीचे गज नेहमीसारखे चाकाच्या दिशेने. मी थांबलो, म्हटलं, दादा, ही आडवी फिरवून बसवता येईल का? त्यांतल्या एकाने माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे, मग जाळीकडे. “चौकोनी आहे काका, फिरेल की.” पहार घातली, दोघांनी उचलली, पाव वळण दिलं, धपकन बसली. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझी नोकरी तिथे सार्थकी लागली असं मला उगाचच वाटलं.

पुढच्या तीन जाळ्या लांबट आहेत. त्या फिरत नाहीत. तिथे आलं की मी अजून मागे वळून बघतो आणि हँडल जरा उजवीकडे घेतो.

नमस्कार.