मणके मोजताना

(पडद्यावर : लाइटबॉक्सवर कमरेचा एक्स-रे. पेन्सिलीचं टोक एकेका मणक्यावर टेकत खाली येतं.)

एक, दोन, तीन, चार, पाच. आणि त्याखालचा हा? याला कमरेचा सहावा म्हणायचं, की त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेखालच्या तिकोनी हाडाचा, पहिला?

मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५ मणके, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण कुठल्या मणक्यानं कोणतं रूप घ्यायचं, ते आईच्या पोटात सुरुवातीच्या आठवड्यांतच ठरतं, आणि एक भाग संपून दुसरा सुरू होतो तिथली सीमा थोडी वर-खाली होऊ शकते. कुणाचा कमरेचा पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला जुळतो. कुणाचा त्रिकास्थीचा पहिला सुटा राहतो. कुणाच्या मानेच्या सातव्या मणक्याला बरगडी फुटते, आणि कधीकधी तिच्यापायी हाताला मुंग्या येतात.

(पडद्यावर : चित्र जवळ येतं.)

ही डावी बाजू पाहा. मणक्याचं आडवं टोक एरवी निमुळतं असतं. इथे ते पंख्यासारखं पसरलंय आणि खालच्या हाडाला टेकलंय. सांधा नसायला हवा तिथे सांधा झालाय. अशा मणक्याचा आणि कंबरदुखीचा संबंध इटलीतले डॉक्टर मारिओ बर्टोलोटी यांनी १९१७ मध्ये मांडला. अनेकांना मात्र यानं जन्मभर काहीच त्रास होत नाही.

खरी काळजी मोजणीची आहे. 'चौथ्या-पाचव्यामधली गादी सरकलीय' असा रिपोर्ट येतो. लिहिणाऱ्यानं खालून मोजलेलं असतं आणि ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जन बरगडीपासून मोजत असतो. मधला मणका एकानं धरला, दुसऱ्यानं सोडला, की चांगली गादी उघडली जाते आणि नस दाबणारी तशीच राहते. त्यात शेवटची बरगडी कधी इतकी आखूड असते, की तिच्या भरवशावर मोजताच येत नाही.

म्हणून मोजायचं मानेपासून. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा उभा सुळका लगेच ओळखू येतो. एमआरआयच्या वेळीच पूर्ण पाठीचं एक चित्र घेतलं, की तिथून एकेक मणका मोजत खाली उतरता येतं. आणि मोजणी कशी केली, ते रिपोर्टात स्पष्ट लिहायलाच हवं.

तुमच्या रिपोर्टात 'ट्रान्झिशनल' (असा सीमेवरचा मणका) किंवा 'सॅक्रलायझेशन' (कमरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीला जुळणं) हा शब्द असेल, तर घाबरू नका. पण ऑपरेशनआधी, पाठीत भूल घेण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा. जुनी फिल्म घरी कपाटावर पडली असेल, तर तीही सोबत न्या.