रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

[दृश्य: बर्तन बाजार, सकाळ. शटर वर जातायत.]

इंदूरच्या राजवाड्याजवळचा हा बर्तन बाजार. इथे गिऱ्हाइकाला भांडं दाखवतात ते वाजवून. ज्या ताईंची ही गोष्ट, त्या इथल्याच एका दुकानात हिशेब लिहायच्या. खणखणाटाची सवयच होती. एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी बराच वेळ उभं राहणं झालं. दुसऱ्या दिवशी कान दडे बसल्यासारखे झाले. पुढे दडे सुटले, पण ताटलीत चमचा पडला तरी कानात खोलवर कळ जायला लागली.

ताई म्हणतात, "उकळतं तेल ओतल्यासारखं होतं. आणि लगेच होतं असंही नाही. दुपारी आवाज ऐकला, तर रात्री कान पेटतो."

[दृश्य: स्वयंपाकघर. ताईंचे हात.]

त्यांची मांडणी बघा. प्रत्येक दोन ताटांमध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा. ओट्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावरच भांडी टेकवायची. कुकरला वाफ धरली की ताई गॅस बारीक करून मागच्या खोलीत जातात. शिटीची वेळ सासूबाई सांभाळतात. पहिल्यांदा याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "डॉक्टर सांगतात कान उत्तम आहेत, मग दुखतंय काय?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. ऑडिओग्राम नॉर्मलच आला होता. ही तपासणी सर्वांत हळू किती ऐकू येतं, ते मोजते. आवाज कुठल्या पातळीला सहन होईनासा होतो, हे बघायला वेगळी तपासणी लागते, आणि ती सांभाळून करावी लागते, कारण तिनेही दुखणं वाढू शकतं. साधं बोलणं असतं साधारण 60 डेसिबल. अनेकांना 90-100 च्या पुढे त्रास होतो. या आजारात तो बोलण्याच्या पातळीलाच सुरू होऊ शकतो. आजाराचं नाव हायपरॲक्युसिस. सगळ्यांनाच वेदना होत नाहीत. ज्यांना होतात, त्यांचं जगणं फार आक्रसतं.

पण कान दुखतो कसा? 2015 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी असे उंदीर घेतले, ज्यांची ऐकण्याची नेहमीची वाट जन्मापासून बंद होती. तरीही इजा करण्याइतका मोठा आवाज झाला, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या काही पेशी जाग्या झाल्या. म्हणजे धोक्याची खबर नेणारी दुसरी वाट असावी. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी जेमतेम 5 टक्के तंतू वेगळ्या जातीचे असतात. संशय त्यांच्यावर आहे. माणसात हे अजून सिद्ध व्हायचंय. मधल्या कानातले इवलेसे स्नायू आवळून धरल्यानेही दुखू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून या बाईला "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

[दृश्य: गल्ली. कचरा गाडी येते.]

2017 साली देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरची सकाळ कचरा गाडीच्या गाण्याने होते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे. गिरण्या बंद पडल्या, झाँक्या चालू आहेत, आणि त्या चालूच राहाव्यात असं ताईंनाही वाटतं. त्यांचं मागणं कायद्यातलंच आहे: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल.

सुरुवातीला ताई दिवसभर, झोपेतसुद्धा, इअरप्लग घालून असायच्या. कोण नाही घालणार? पण निरोगी माणसांना दोन आठवडे इअरप्लग लावून बघितलं, तेव्हा नंतर त्यांना तेच आवाज जास्त मोठे वाटले. आत शांतता झाली की मेंदू स्वतःच आवाज वाढवतो. म्हणून आता प्लग फक्त रस्त्यावर. घरी अगदी मंद, पाऊस पडल्यासारखा एकसुरी आवाज लावायचा, दुखलं की बंद. वेदनेच्या रुग्णाला रेटून सवय लावायला गेलं, तर तो मागे फेकला जातो; ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, हे समजून घेणं सर्वांत महत्त्वाचं. सोबत जबड्याचे व्यायाम आणि भीतीवर समुपदेशन. खात्रीचं औषध आज नाही. पुष्कळांना हळूहळू उतार पडतो, मध्येच उलटतंही.

ताईंना उतार आहे. सासूबाईंशी पुन्हा साध्या आवाजात गप्पा होतात. पोहे फोडणीला टाकताना त्या आता स्वयंपाकघरातच उभ्या असतात. भाजीबाजारात मात्र अजून जात नाहीत.

दुकानाच्या मालकांनी मध्यंतरी निरोप धाडला: वह्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत देतो, खाली यायची गरज नाही. ताईंनी होकार कळवलाय. दिवाळीच्या गर्दीनंतर, अर्धा दिवस.